टेकायची खुर्ची : राडू लुपू आणि पियानोवादकाचं करिअर

पियानोसमोर असतं ते बाक. चौकोनी, गादी घातलेलं, बाजूच्या मुठी फिरवून उंची कमी-जास्त करता येणारं. त्याला पाठ नसते, आणि ती मुद्दामच ठेवलेली नसते. वादकाला पुढे झुकायचं असतं, खर्जापासून तारसप्तकापर्यंत दोन्ही बाजूंना सरकायचं असतं, जोर काढायचा तर कमरेतून उठायचं असतं. टेकून बसणं म्हणजे आळस, असं पियानोच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगतात.

राडू लुपू यांना बाक चालत नसे. शाळेच्या स्टाफरूममध्ये असते तसली, पाठ असलेली साधी खुर्ची ते मागायचे. भरघोस दाढीचा, अंगाने भरलेला हा माणूस स्टेजवर यायचा, श्रोत्यांकडे जेमतेम पाहून मान तुकवायचा आणि त्या खुर्चीत चक्क मागे टेकून बसायचा. दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर बसावं तसा. मग पहिला सूर यायचा आणि दोन हजारांचं सभागृह श्वास रोखून कान टवकारायचं, कारण तो सूर फार हळू असायचा.

लुपू रुमानियाचे. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी डॅन्यूबकाठच्या गालात्स या बंदराच्या गावात एका ज्यू कुटुंबात जन्म, १७ एप्रिल २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे मृत्यू. मधली जवळजवळ पन्नास वर्षं ते जगातल्या सगळ्यांत मोठ्या सभागृहांत वाजवत होते. तीस-एक वर्षं त्यांनी वर्तमानपत्रांना मुलाखतच दिली नाही. आपले कार्यक्रम रेडिओवरून प्रसारित व्हावेत हे त्यांना रुचत नसे. ऐन बहरात, पन्नाशीच्या आसपास, त्यांनी स्टुडिओतलं रेकॉर्डिंगही थांबवलं. प्रसिद्धीचे तिन्ही नळ माणसाने आपल्या हाताने बंद केले, तरी तिकिटं संपत राहिली.

हे कसं जमलं ते कळायला पियानोवादकाचं करिअर चालतं कसं, हे आधी बघायला हवं. आपल्याकडे तबलजी किंवा गायक कसा घडतो याची सगळ्यांना ढोबळ कल्पना असते. पियानोवाल्यांचं जग तितकं ओळखीचं नाही.

सगळं लिहिलेलंच आहे, मग हा करतो काय?

ख्याल ऐकणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो. शूबर्ट या रचनाकाराचा सोनाटा, म्हणजे काही भागांत बांधलेली लांब चीज, हे छापील पुस्तकच. कुठला सूर, किती वेळ, कुठे हळू, कुठे जोरात, सगळं कागदावर. लुपूंनी वाजवला काय नि दुसऱ्या कुणी वाजवला काय, सूर तेच. आलाप नाही, तान नाही, ऐनवेळी सुचलेलं काही नाही.

बंदिशही ठरलेलीच असते, पण बंदिशीभोवती मोकळं रान असतं. इथे रान नाही, फक्त पायवाट आहे. वादकाचं कसब त्या पायवाटेवरून तो कसा चालतो यात. ‘हळू’ असं लिहिलंय, पण किती हळू? दोन वाक्यांमध्ये विराम आहे, तो किती लांबवायचा? एकाच वेळी वाजणाऱ्या चार सुरांपैकी कोणता पुढे आणायचा आणि कोणते मागे ठेवायचे? हे शेवटचं कागदावर क्वचितच असतं, आणि लुपूंचं नाव झालं ते मुख्यतः त्याच्यामुळे.

इथे थोडं पियानोच्या पोटात शिरावं लागेल. आपली पेटी आणि पियानो दोन्हींना पट्ट्या असतात म्हणून ती भावंडं वाटतात, पण नातं लांबचं आहे. पेटीची पट्टी दाबून धरली आणि भाता चालू ठेवला की सूर टिकतो. पियानोचा खरा नातलग संतूर. पट्टी दाबली की आत एक हातोडी तारेवर आदळते. हातोडीला नमद्याचं जाड आवरण असतं, एरवी हिशोब कलमाने तार छेडण्याचाच. सूर उमटला त्या क्षणापासून तो विरायला लागतो. त्याला फुगवता येत नाही, मींड काढता येत नाही, कंप देता येत नाही.

त्याहून गमतीची गोष्ट अशी की हातोडी तारेला लागते तेव्हा ती बोटाच्या ताब्यात नसते. पट्टी खाली जाते साधारण एक सेंटिमीटर. त्या प्रवासाच्या शेवटी आतली कळ हातोडीला सोडून देते आणि उरलेलं दोन-एक मिलिमीटरचं अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने उडत पार करते. असं केलं नाही तर ती तारेला चिकटून बसेल आणि आवाज गुदमरेल. म्हणजे बोटाला एकच गोष्ट ठरवता येते : हातोडी किती वेगाने सोडायची. बोट प्रेमाने ठेवलं की रागाने, हे तारेला कळायचा काही मार्ग नाही.

मग ‘याच्या हातात गोडवा आहे’ असं लोक म्हणतात ते खोटं का? मला तरी तसं वाटत नाही. एकच सूर घेतला तर वेगापलीकडे फारसं काही नसतं हे मान्य. पण पियानोवर एकच सूर वाजतो कधी? दोन हातांची सहा-सात बोटं एकदम पडतात आणि प्रत्येक हातोडी वेगळ्या वेगाने सोडता येते. करंगळीचा वरचा सूर केसभर जास्त, मधले दोन जवळजवळ नसल्यासारखे, खालचा घुमेल इतपत. त्यात उजव्या पायाखालचं पेडल. ते दाबलं की तारांवरचे दाब उठतात आणि छेडलेल्या सुराबरोबर बाकीच्या ताराही मंद घुमू लागतात. ते किती दाबायचं, कधी सोडायचं हे कान ठरवतो. या सगळ्याचा मिळून जो रंग होतो त्याला आपण ‘हात’ म्हणतो.

लुपूंच्या हाताखाली हे थर सुटे सुटे ऐकू येत. वरची चाल गाणाऱ्या बाईसारखी, आणि तिच्यामागे कुणीतरी हलकेच कपडे घडी करून ठेवतंय इतका बाकीच्यांचा आवाज. आवाज उरतोय की संपतोय अशा सीमेवर ते तासन्‌तास राहू शकत. तिथे राहणं जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड. हातोडीला वेग जरा कमी पडला तर ती तारेपर्यंत पोचतच नाही, आणि भर सभागृहात एक सूर गायब होतो. मागे टेकून, खांदे सैल टाकून, लांबवलेल्या हातांनी वाजवण्याचा याच्याशी संबंध असणार असं मला वाटतं, पण खुर्चीबद्दलची सगळीच मतं ऐकणाऱ्यांची. बसणारा काही बोलला नाही.

घराणं

‘घराणं’ हा शब्द इथे मी उसना लावतोय, पण तो चपखल बसतो.

राडू सहाव्या वर्षी पियानो शिकू लागला, लिया बुसुयोचानू या बाईंकडे. वडील वकील, आई भाषा शिकलेली. बाराव्या वर्षी, १९५७ साली, त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला आणि त्यात त्याने सगळ्या स्वतः रचलेल्या चिजा वाजवल्या. त्या वयात त्याला रचनाकारच व्हायचं होतं. ब्राशोव या डोंगराळ शहरात तिथल्या प्रसिद्ध काळ्या चर्चचे ऑर्गनवादक व्हिक्टर बिकेरिख यांच्याकडे तो सुरांची जोडणी शिकला, म्हणजे एका वेळी वाजणारे अनेक सूर एकमेकांशी कसे नांदतात त्याचं शास्त्र. पुढे त्याच्या वाजवण्यात थर सुटे ऐकू येत असं वर म्हटलं, त्याची मुळं मला इथे दिसतात. रचनाकार चीज आतून बघतो.

मग बुखारेस्टला फ्लोरिका मुसिचेस्कू. हे नाव लक्षात ठेवावं. लुपूंच्या अठ्ठावीस वर्षं आधी जन्मलेला दिनू लिपात्ती हा रुमानियाचा सगळ्यांत लाडका पियानोवादक, तोही याच बाईंचा शिष्य. एका शिक्षिकेच्या हाताखालून एवढ्या अंतराने असे दोघे जातात तेव्हा तो योगायोग नसतो.

१९६१ साली शिष्यवृत्ती मिळाली आणि पोरगा मॉस्कोला गेला. वय पंधरा-सोळा. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत आधी गालिना येगियाझारोवा, मग हाइनरिख नॉयहाउस. नॉयहाउस म्हणजे स्व्यातोस्लाव रिख्तर आणि एमिल गिलेल्स या दोन दिग्गजांचे गुरू. १९६४ मध्ये नॉयहाउस वारले, तेव्हा त्यांचा मुलगा स्तानिस्लाव याच्याकडे शिक्षण चालू राहिलं. १९६९ पर्यंत लुपू मॉस्कोतच शिकत होते.

आठ वर्षं, आणि तीही आधीची दहा वर्षं झाल्यावर. आपल्याकडे गुरूच्या घरी पाणी भरून शिकणाऱ्या शिष्यांच्या गोष्टी सांगतात, तिथे पाणी भरावं लागत नाही एवढाच फरक.

स्पर्धा नावाचा दरवाजा

चांगलं वाजवणारे शेकडो असतात आणि सभागृहं मोजकी. कुणाला बोलवायचं? दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नाला युरोप-अमेरिकेत एक उत्तर रूढ झालं : आंतरराष्ट्रीय स्पर्धा. दर तीन-चार वर्षांनी जगभरातून तरुण मुलं येतात, फेऱ्यांमागून फेऱ्या वाजवतात आणि अंतिम फेरीत पूर्ण वाद्यवृंदाबरोबर एक कॉन्चेर्टो सादर करतात. जिंकणाऱ्याला पैसे मिळतात, पण खरं बक्षीस पैसे नव्हे. ठरवून दिलेले कार्यक्रम, एखाद्या एजंटचं लक्ष आणि जमलं तर रेकॉर्ड कंपनीचा करार, हे खरं बक्षीस.

या पद्धतीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. दहा-बारा परीक्षकांना एकदम आवडायचं तर कुणालाच न खटकणारं वाजवावं लागतं. अशाने गुळगुळीत वादक वर येतात. लुपू त्यांतले नव्हते, तरी ते तीनदा जिंकले. असे अपवाद असतात म्हणून स्पर्धांची अब्रू टिकून आहे.

१९६५ साली व्हिएन्नात बीथोव्हन स्पर्धेत त्यांचा पाचवा नंबर आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे व्हॅन क्लायबर्न स्पर्धेत पहिला. या स्पर्धेच्या नावातच त्या काळाचा विनोद आहे. व्हॅन क्लायबर्न हा टेक्सासचा तरुण १९५८ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, मॉस्कोला जाऊन चायकोव्हस्की स्पर्धा जिंकून आला आणि अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्या नावाने टेक्सासात स्पर्धा सुरू झाली, आणि तिच्या दुसऱ्याच खेपेला मॉस्कोत शिकणारा एक रुमानियन पोरगा ती घेऊन गेला.

दुसरा कुणी असता तर तिथेच राहिला असता. बक्षिसात कार्यक्रम होते, १९६७ मध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पदार्पणही झालं. वय एकवीस, अमेरिकेचं दार सताड उघडं. लुपू मॉस्कोला परतले, शिकायला. अजून तयारी झालेली नाही, एवढा साधा हिशोब असावा. त्यांच्या करिअरमधला हा पहिला मोठा नकार, आणि पुढचे सगळे नकार मला याचीच नातवंडं वाटतात.

१९६७ मध्येच बुखारेस्टची जॉर्जे एनेस्कू स्पर्धा त्यांनी जिंकली. आणि १९६९ मध्ये इंग्लंडमधली लीड्स.

लीड्स ही यॉर्कशरमधली कापड गिरण्यांची नगरी. फॅनी वॉटरमन या स्थानिक पियानो शिक्षिकेने, मैत्रीण मॅरियन हिला हाताशी धरून, १९६३ मध्ये तिथे पहिली स्पर्धा भरवली. लंडन सोडून अशा ठिकाणी कोण येणार, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. तिसऱ्या खेपेला लुपू आले. अंतिम फेरीसाठी त्यांनी निवडला बीथोव्हनचा तिसरा कॉन्चेर्टो.

ही निवड नीट बघण्यासारखी आहे. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि समोर साठ-सत्तर जणांचा वाद्यवृंद यांचा संवाद. स्पर्धेत पोरं सहसा रख्मानिनॉव्ह किंवा प्रोकोफिएव्ह निवडतात, बोटांचा पाऊस पाडता येतो म्हणून. बीथोव्हनच्या तिसऱ्यात पियानोवादकाला आधी गप्प बसावं लागतं. वाद्यवृंद एकट्यानेच तीन मिनिटांहून जास्त वेळ सगळा विषय मांडतो, आणि ज्याचा निकाल लागायचाय तो तोवर मांडीवर हात ठेवून परीक्षकांसमोर बसलेला. मग तो शिरतो ते तीन सरगमांनी. दोन्ही हातांनी, खालून वर, एकामागून एक तीन धावा. पहिल्या वर्गातली मुलं गिरवतात त्याच सरगमा, काळीज फाटेल इतक्या उघड्या. लपायला जागाच नाही. इथे माणूस कोण आहे ते तीन ओळींत कळतं.

लीड्सच्या परीक्षकांना कळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनला त्यांची पहिली मैफल झाली आणि लवकरच डेक्का कंपनीबरोबर रेकॉर्डिंग सुरू झालं. लंडन हेच घर झालं. हुकूमशहा चौशेस्कूच्या रुमानियात राहून असं करिअर करणं फार कठीण गेलं असतं.

जिंकल्यानंतर

स्पर्धेनंतरचं पहिलं वर्ष सोपं, कारण कार्यक्रम ठरलेले असतात. परीक्षा पाचव्या वर्षी. पुढची स्पर्धा होते, नवा विजेता येतो, जुना मागे पडतो. लीड्समध्ये १९७२ साली मरे पेराया जिंकले. ते आणि लुपू पुढे मित्र झाले आणि दोघांनी मोझार्ट-शूबर्ट एकत्र वाजवून रेकॉर्डही केलं. पण स्पर्धांच्या याद्या चाळल्या तर अशी कितीतरी नावं भेटतात जी नंतर कुठेच ऐकू येत नाहीत.

टिकायचं तर दोन गोष्टी लागतात. वाद्यवृंद आणि त्यांचे संचालक तुम्हाला पुन्हा बोलवत राहिले पाहिजेत, आणि लोकांनी तुमच्या नावावर एकट्याच्या मैफलीचं तिकीट काढलं पाहिजे. सभागृहांचा हंगाम सप्टेंबर ते जूनच्या आसपास असतो आणि तारखा दोन-दोन, तीन-तीन वर्षं आधी ठरतात. २०१० च्या मार्चमधल्या मंगळवारी तुम्ही शूबर्ट वाजवणार हे २००८ मध्ये छापून झालेलं असतं. त्या मंगळवारी तुमचं मन शूबर्टमध्ये आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. शिवाय स्वतःचं वाद्य बरोबर नसतं. होरोविट्झसारखा एखादा आपला पियानो घेऊन फिरत असे, बाकीच्यांना गावोगावी मिळेल त्या वाद्याशी दुपारच्या दोन तासांत ओळख करून घ्यावी लागते. आणि तासा-दीड तासाचा सगळा मजकूर तोंडपाठ.

लुपूंना मोठमोठ्यांनी बोलावलं. १९७२ मध्ये डॅनियल बारेनबॉइम यांच्याबरोबर क्लीव्हलंडचा वाद्यवृंद, त्याच वर्षी शिकागोत कार्लो मारिया ज्युलिनी. १९७८ मध्ये साल्झबुर्गला बर्लिन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद आणि त्याचे संचालक कारायान. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यांत जवळचं नाव : झुबिन मेहता. १९३६ साली मुंबईत जन्मलेले, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहतांचे चिरंजीव. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लुपूंनी बीथोव्हनचे पाचही कॉन्चेर्टो डेक्कासाठी रेकॉर्ड केले ते झुबिन मेहता आणि इस्रायल फिलहार्मोनिक यांच्याबरोबर.

त्यातला चौथा आवर्जून ऐकावा. तिसऱ्याच्या अगदी उलट. इथे वाद्यवृंद थांबतो आणि पियानो एकटाच सुरुवात करतो, पाच मात्रापंक्ती, अगदी हळू, एकाच जागी ठोके देत, जणू स्वतःशीच पुटपुटत. मग तारवाद्यं उत्तर देतात, पण भलत्याच ठिकाणाहून : पियानोचा षड्ज धरला तर शुद्ध गंधाराला षड्ज मानून. दार एका खोलीचं ठोठावलं आणि उघडलं दुसऱ्याच खोलीचं. लुपू हे पहिले ठोके असे वाजवतात की मेहतांच्या वाद्यवृंदाला कुजबुजीतच उत्तर द्यावं लागतं.

नकारांचा हिशोब

डेक्काकडची त्यांची सगळी रेकॉर्डिंगं २०१५ मध्ये एका पेटीत आली. २८ सीडी. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण त्यातली एकट्याच्या पियानोची दहाच. पन्नास वर्षं वाजवणाऱ्यासाठी ही पुंजी छोटी. शूबर्ट, ब्राम्स, बीथोव्हन, मोझार्ट, शूमान आणि थोडंसं आणखी. व्हायोलिनबरोबर काही : शिमोन गोल्डबर्ग यांच्यासोबत मोझार्ट, क्युंग-व्हा चुंग यांच्यासोबत देब्यूसी आणि फ्रांक. जे आलं त्याचं मात्र सोनं झालं. शूबर्टच्या दोन सोनाटांच्या रेकॉर्डला १९९६ मध्ये ग्रॅमी मिळालं. आणि जवळपास त्याच सुमाराला त्यांनी स्टुडिओची पायरी चढणं सोडलं.

स्टुडिओत काय होतं ते कळलं की हा नकार थोडा समजतो. एकच भाग पाच-सहा वेळा वाजवायचा, मग तिसऱ्या वेळचा पहिला तुकडा आणि पाचव्या वेळचा दुसरा तुकडा जोडून एक निर्दोष चीज तयार करायची. ज्याचं सगळं कसब एका सुराचं विरणं ऐकून पुढचा सूर ठेवण्यात आहे, त्याला हे जोडकाम झेपणं अवघड. लाल दिवा लागला की त्यांना दडपण यायचं, आणि स्वतःच्या रेकॉर्डांवर ते कधी खूश नसत.

यात संन्यासीपणा शोधायची मला तरी गरज वाटत नाही. नकार परवडायला लागतो. क्लायबर्न आणि लीड्स यांनी दिलेलं भांडवल, डेक्काच्या रेकॉर्डांनी घरोघरी पोचवलेलं नाव, हे सगळं पदरी असताना त्यांनी नळ बंद केले. मागणी होतीच, पुरवठा आटला, आणि प्रत्यक्ष मैफलीचं मोल वाढलं. लुपू ऐकायचे तर तिकीट काढूनच जावं लागणार. पंचविशीतल्या एखाद्या अनोळखी वादकाने आज हेच करून बघावं, वर्षभरात त्याचा एजंट फोन उचलायचा बंद होईल.

नुकसानही झालं, ते ऐकणाऱ्यांचं. साठीनंतरचे लुपू, ज्यांच्याबद्दल ऐकलेली माणसं आवाज खाली करून बोलतात, ते अधिकृत रेकॉर्डवर फारसे नाहीत. लिपात्तीच्या बाबतीतही हेच दुःख, पण तिथे कारण वेगळं. लिपात्ती रक्ताच्या कर्करोगासारख्याच एका दुखण्याने, हॉजकिन्सने, २ डिसेंबर १९५० रोजी गेला, तेहतिसाव्या वर्षी. त्याआधी अडीच महिने, १६ सप्टेंबरला, फ्रान्समधल्या बझाँसाँ गावी त्याची शेवटची मैफल झाली. शोपाँचे चौदा वॉल्ट्झ शेवटी होते. तेरा झाले, चौदाव्याला अंगात त्राण उरलं नाही. त्याऐवजी त्याने बाखची एक छोटी प्रार्थना वाजवली. त्याला वेळ मिळाला नाही म्हणून रेकॉर्डिंगं थोडी. लुपूंना वेळ होता, त्यांनी दिला नाही. एकाच बाईंचे दोन शिष्य, दोघांचीही पुंजी तोकडी. कुणावर जास्त राग यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटची वर्षं आजारपणाची होती. कार्यक्रम रद्द होऊ लागले, तिकीट काढलेले लोक हळहळत घरी जात आणि पुढच्या खेपेला पुन्हा काढत. २०१९ मध्ये त्यांनी स्टेज सोडलं. निरोपाचा दौरा नाही, मुलाखत तर नाहीच.

कुठून ऐकावं

आधी ब्राम्सच्या १९ व्या शतकाअखेरच्या छोट्या चिजा घ्याव्यात, विशेषतः ११८ क्रमांकाच्या संचातली दुसरी. सहा-एक मिनिटांची आहे. ती एकदा ऐकून झाली की पुन्हा लावून वरची चाल सोडून द्यावी आणि मधले सूर धरायचा प्रयत्न करावा. लुपूंकडे ते सापडतात.

मग शूबर्टचा शेवटचा सोनाटा, ग्रॅमीवाला. सप्टेंबर १८२८ मध्ये त्याने तो पुरा केला आणि नोव्हेंबरमध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो गेला. सुरुवातीला एक शांत, सपाट चाल येते, संध्याकाळी देवघरात कुणी गुणगुणावं तशी. ती थांबायच्या बेताला येते आणि अगदी तळातून एक कंपन उठतं : षड्जाच्या हिशोबाने खर्जातला कोमल धैवत, कोमल निषादाला शिवत थरथरणारा. अतिशय हळू. मग पूर्ण शांतता. मग पुन्हा तीच चाल, काही झालंच नाही अशी.

मी पहिल्यांदा हे इयरफोन लावून ऐकलं तेव्हा खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला असं वाटलं आणि खिडकीकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. मागे नेऊन पुन्हा लावलं तेव्हा कळलं, ट्रक रेकॉर्डमध्येच होता.